अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मी गेल्या वर्षी आमच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबमधल्या एका कॅडेटला ऐकवली. आसपासचे चार जण हसले. तोही कसनुसा हसला आणि सोल्डरिंग आयर्न उचलून पुन्हा कामाला लागला. आठवड्याभराने कळलं, की अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते मीच घातलेलं होतं. हा लेख त्या अंगणाबद्दल आहे.

घडलं ते असं. अकरावीतल्या या मुलाने आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनासाठी एक छोटा ऑडिओ ॲम्प्लिफायर बांधला होता. आपल्याकडून दोनच प्रकल्प पाठवायचे असतात, म्हणून आधी शाळेत निवड होते आणि क्लबच्या प्रकल्पांचा मूल्यमापन तक्ता मी भरतो. ॲम्प्लिफायर तपासायची आमची पद्धत सोपी आहे. ऑसिलेटरमधून एक शुद्ध सूर ॲम्प्लिफायरला द्यायचा, बाहेर येणारा सूर ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात घ्यायचा आणि त्यात मूळ सुराखेरीज आणखी काय मिसळलं आहे ते पडद्यावर पाहायचं. पडद्यावर १०६० हर्ट्झला उंच खांब दिसला, तो आमचा सूर. पण त्याच्या तिप्पट वारंवारतेला, म्हणजे ३१८० हर्ट्झजवळ, एक छोटा खांबही उभा होता. मूळ सुराच्या ०.०२ टक्के. मी तक्त्यात लिहिलं, ‘तिसरा हार्मोनिक जास्त. आउटपुट ट्रान्झिस्टरचं बायसिंग सदोष.’

मुलाने तीन संध्याकाळी घालवल्या. बायस बदललं, ट्रान्झिस्टर बदलले, अर्थिंगच्या तारा नव्याने ओढल्या. आकडा जागचा हलला नाही. तेव्हा तो म्हणाला, “सर, मी काहीही बदललं तरी आकडा तोच येतोय. ऑसिलेटरमध्ये काही असेल का?”

त्यावर मी ती म्हण ऐकवली.

खरं तर त्याच्या वाक्यातच उत्तर होतं. काहीही बदललं तरी जो आकडा बदलत नाही, तो बहुधा बदललेल्या वस्तूचा नसतो. इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला हे सुचायला हवं होतं. पण ऑसिलेटर मी स्वतः बांधलेला, कित्येक वर्षं त्याच टेबलावर असलेला. त्याच्यावर शंका घ्यायची तर स्वतःवर घ्यावी लागते.

निवडीची यादी गेली. त्यात या मुलाचं नाव नव्हतं. दोन दिवसांनी त्याने वहीचं एक पान माझ्यासमोर ठेवलं. त्याने ॲम्प्लिफायर मधून काढून ऑसिलेटरची तार सरळ इंटरफेसला जोडून पाहिली होती. पानावर दोनच ओळी होत्या. ॲम्प्लिफायरसह ०.०२१ टक्के. ॲम्प्लिफायरशिवाय ०.०२० टक्के.

पालकांसाठी थोडं सोपं करून सांगतो. तंबोऱ्यावर आणि बासरीवर एकच षड्ज लावला तरी कान दोन्ही वाद्यं वेगळी ओळखतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे जे उपस्वर सोबत येतात, त्यांचं प्रमाण प्रत्येक वाद्यात वेगळं असतं, म्हणून. या उपस्वरांना आम्ही हार्मोनिक म्हणतो. वाद्यात ते हवेतच. त्यांच्याशिवाय तंबोरा तंबोरा राहणार नाही. पण ॲम्प्लिफायरने आपल्या पदरचं काही घालायचं नसतं. आत जे आलं तेच मोठं करून बाहेर द्यायचं. त्याने पदरचं किती घातलं ते शोधायचं, तर आत दिलेल्या सुरात एकही उपस्वर असता कामा नये. नादकाट्यासारखा, किंबहुना त्याहूनही निर्मळ सूर हवा. असा सूर तयार करणारं उपकरण म्हणजे कमी विकृतीचा ऑसिलेटर. तोच जर उपस्वर मिसळत असेल, तर त्याचं खापर ॲम्प्लिफायरच्या माथी फुटतं. माझ्या हातून तेच झालं.

माझा ऑसिलेटर ‘वीन ब्रिज’ प्रकारचा आहे. हा ब्रिज माक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ साली मांडला. दोन सारखे रेझिस्टर आणि दोन सारखे कपॅसिटर एका विशिष्ट तऱ्हेने जोडले, की एकाच वारंवारतेला आत दिलेल्या दाबाचा बरोबर एक तृतीयांश भाग, मागे-पुढे न होता, बाहेर मिळतो. तो तिप्पट करून पुन्हा आत दिला की सूर आपला आपण चालू राहतो. १५ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर घेतले की साधारण १०६० हर्ट्झ मिळतात.

गोम आहे ती ‘बरोबर तिप्पट’ यात. तिपटीहून केसभर कमी पडलं तर सूर विझत जातो. केसभर जास्त झालं तर तो वाढत वाढत ॲम्प्लिफायरच्या मर्यादेला जाऊन आदळतो, लहरीचे माथे सपाट होतात आणि हार्मोनिकांचा पूर येतो. स्थिर किमतीच्या रेझिस्टरांनी हा तोल कायम राखणं अशक्य. यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विल्यम ह्यूलेट या तरुणाने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. १९३९ च्या आपल्या प्रबंधात त्याने फीडबॅकच्या वाटेवर चक्क एक छोटा दिवा बसवला. सूर मोठा झाला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि त्यामुळे गुणन आपोआप उतरतं. सूर लहान झाला की उलट. त्याच वर्षी ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी पालो आल्टोतल्या एका गॅरेजमध्ये कंपनी सुरू केली आणि तिचं पहिलं उत्पादन हाच ऑसिलेटर होता. त्याच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग डिस्नेने ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतले. एका दिव्यावर एवढी मोठी कंपनी उभी राहिली, हे मी दरवर्षी मुलांना रंगवून सांगतो. पण त्या दिव्याशेजारी जो साधा रेझिस्टर बसतो, त्याच्याबद्दल मी कधी काही सांगितलं नव्हतं. चूक नेमकी तिथे निघाली.

ती कशी सापडली हेही सांगतो, कारण शोधण्याची शिस्तच इथे महत्त्वाची आहे. ते वहीचं पान घेऊन आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

पहिला संशय दिव्यावर. वारंवारता फार कमी असली, समजा २० हर्ट्झ, तर एका आवर्तनाला एक विसांश सेकंद मिळतो. तेवढ्यात दिव्याची तार थोडी तापते आणि थोडी निवते. तिचा रोध आवर्तनात दोनदा हेलकावतो आणि त्यातून नेमका तिसरा हार्मोनिक जन्मतो. वारंवारता वाढली की तारेला तापा-निवायला उसंतच मिळत नाही आणि हा दोष कमी होत जातो. म्हणून आम्ही कपॅसिटर बदलून २.२ नॅनोफॅरडचे लावले आणि वारंवारता सुमारे ४८०० हर्ट्झवर नेली. दोष दिव्याचा असता तर आकडा उतरला असता. तो होता तिथेच राहिला. दिवा निर्दोष सुटला.

दुसरा संशय ५५३२ या ऑप-ॲम्पवर. तो सॉकेटमध्ये होता, दुसरा बसवला. फरक शून्य.

उरले रेझिस्टर. मुलाने एकेक पाय सुटा करून मल्टिमीटरवर सगळे मोजले. “सर, सगळे पाच टक्क्यांच्या आत आहेत. रेझिस्टर बरोबर आहेत.” इथे मी त्याला थांबवलं, कारण आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडू लागला होता. मल्टिमीटर रोध मोजतो तो जेमतेम एखाद्या व्होल्टचा दाब देऊन. आमच्या ऑसिलेटरचं आउटपुट सहा व्होल्ट. त्याचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे चार व्होल्ट, दिव्याजवळच्या फीडबॅक रेझिस्टरवर पडतो आणि लहरीच्या माथ्याला तो साडेपाच व्होल्टच्या वर जातो. एका व्होल्टला जो रेझिस्टर ५०० ओहमचा आहे, तो साडेपाच व्होल्टलाही तंतोतंत ५०० ओहमचाच राहतो का? हे मल्टिमीटरने सांगितलंच नव्हतं. आम्ही ते गृहीत धरलं होतं.

मग एक युक्ती केली. त्याच ड्रॉवरमधले, त्याच किमतीचे, त्याच जातीचे चार रेझिस्टर घेतले. दोन-दोन एकामागे एक जोडून दोन जोड्या केल्या आणि त्या जोड्या समांतर लावल्या. एकूण रोध पूर्वीइतकाच राहिला, पण प्रत्येकावर येणारा दाब निम्मा झाला. दुसरं काहीच बदललं नाही. आकडा ०.०२ वरून ०.०१३ वर उतरला. चोर सापडला. बाकीचा दोष ब्रिजमधल्या दोन रेझिस्टरांचा असणार, कारण तेही त्याच ड्रॉवरमधले होते, जुने कार्बन कॉम्पोझिशनचे. सगळे काढून त्या जागी मेटल फिल्मचे बसवले, तेव्हा तिसरा हार्मोनिक ०.००२ टक्क्यांच्याही खाली गेला. मग मुलाचा ॲम्प्लिफायर पुन्हा तपासला. आकडा आला ०.००६. मी सदोष ठरवलेला ॲम्प्लिफायर माझ्या ऑसिलेटरपेक्षा तिपटीहून चांगला होता.

आता रेझिस्टरविषयी सविस्तर लिहितो, कारण ही माहिती सहसा क्रमिक पुस्तकात एकत्र सापडत नाही आणि ऑसिलेटर बांधणाऱ्याला ती हाताशी हवी.

रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्या तीन गोष्टी सांगतात: किंमत किती, त्यात चूक किती टक्के असू शकते आणि काही रेझिस्टरांवर तापमानाने ती किती बदलते. दाब वाढल्यावर तो कसा वागेल हे कोणतीही पट्टी सांगत नाही. अचूकता आणि रेषीयता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच टक्के चुकीचा रेझिस्टर अगदी रेषीय असू शकतो. म्हणजे तो ५०० ऐवजी ५२० ओहमचा असेल, पण एका व्होल्टला ५२० आणि दहा व्होल्टलाही ५२०. त्याने वारंवारता किंवा सुराची उंची थोडी सरकेल, हार्मोनिक मात्र तयार होणार नाहीत. उलट एक टक्का अचूकतेचा रेझिस्टरही दाबाबरोबर किंचित बदलणारा असू शकतो. तो मल्टिमीटरला फसवेल, पण ऑसिलेटरमध्ये उघडा पडेल.

हे का होतं ते रेझिस्टरच्या पोटात आहे. कार्बन कॉम्पोझिशनच्या रेझिस्टरमध्ये कार्बनचे कण चिकट द्रव्यात मळून कांडी केलेली असते. वीज एका कणावरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते आणि या उड्या किती सहज पडतात ते दाबावर अवलंबून असतं. अशा रेझिस्टरचा रोध दर व्होल्टला दहा लाखांत शंभर-दोनशे भाग बदलणं नवलाचं नाही. दर व्होल्टला दोनशे भाग धरले, तर साडेपाच व्होल्टला रोध ०.११ टक्के सरकतो. त्याचा काही हिस्सा तिसरा हार्मोनिक होऊन बाहेर पडतो. आमच्या ०.०२ टक्क्यांचा हिशेब असा लागतो.

आजच्या सर्किट बोर्डांवरच्या स्वस्त, मुंगीएवढ्या चिप रेझिस्टरांत बहुसंख्य ‘थिक फिल्म’चे असतात. त्यांत रुथेनियम ऑक्साइडचे कण काचेच्या भुकटीत मिसळून भाजलेले असतात. ते कार्बन कॉम्पोझिशनपेक्षा पुष्कळ बरे, पण कण आणि कणांमधल्या भिंती तिथेही आहेत. मेटल फिल्म किंवा थिन फिल्ममध्ये मात्र निक्रोमसारख्या मिश्रधातूचा सलग पातळ थर निर्वातात चढवलेला असतो. सलग धातूत उड्या नाहीत, म्हणून तो ओहमचा नियम फार प्रामाणिकपणे पाळतो. तार गुंडाळलेले आणि धातूच्या पत्र्याचे रेझिस्टर त्याहूनही सरस, पण महाग, आणि तारेच्या गुंडाळीला थोडं प्रेरकत्व असतं. क्लबच्या कामाला साधे मेटल फिल्म पुरेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते रुपया-दोन रुपयांना मिळतात. मी सुट्टीवरून परतताना पाकीटभर घेऊन आलो.

जात योग्य निवडली तरी आणखी चार पथ्यं पाळावी लागतात. पहिलं उष्णतेचं. रेझिस्टर स्वतः तापतो आणि तापला की बदलतो. ज्याचा रोध दर अंशाला दहा लाखांत शंभर भाग बदलतो, तो आवर्तनाच्या आत एक अंशाने जरी हेलकावला तरी ०.०१ टक्के बदलेल. म्हणून ज्या रेझिस्टरवर जास्त शक्ती खर्च होते तो गरजेपेक्षा चौपट वॅटचा घ्यावा आणि तापमानाने कमी बदलणारा निवडावा. दुसरं, एकाऐवजी चार वापरण्याची वर सांगितलेली युक्ती. तिने प्रत्येकावरचा दाबही वाटला जातो आणि उष्णताही. तिसरं, किंमत जुळवायला ट्रिमर लावायचा, तर संपूर्ण रोध ट्रिमरवर टाकू नये. ट्रिमरचा सरकता स्पर्श हा कच्चा दुवा असतो. बहुतेक रोध पक्क्या मेटल फिल्मचा ठेवावा आणि शेवटचा थोडा भाग तेवढा ट्रिमरचा. चौथं पथ्य रेझिस्टरच्या सोबत्याचं, म्हणजे कपॅसिटरचं. सिरॅमिकपैकी एक्स-७-आर जातीच्या कपॅसिटरची धारकता दाबाबरोबर बदलते. इथे ते चालत नाहीत. एन-पी-ओ जातीचे सिरॅमिक, पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. चांगले रेझिस्टर निवडून शेजारी भलताच कपॅसिटर बसवणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणं.

याहून खाली मोजायचं, तर इंटरफेसची स्वतःची विकृतीच आडवी येते. मग ‘ट्विन-टी’ नावाची गाळणी लावून मूळ सूर बराचसा काढून टाकायचा आणि उरलेले हार्मोनिक तेवढे मोजायचे. ही गाळणी दुसरा हार्मोनिक सुमारे ९ डेसिबलने आणि तिसरा सुमारे ५ डेसिबलने कमी दाखवते, तेवढी भर आकड्यात घालावी लागते. आणि गाळणीतही रेझिस्टर असतात, त्यांच्यावर मूळ सुराचा दाब पडतो. तेव्हा तेही रेषीयच हवेत. मोजणाऱ्याला मोजण्याची ही साखळी लांबत जाते. ती कुठे थांबवायची ते ठरवता येतं, पण ती आहे हे विसरता येत नाही.

हे सगळं मी शिक्षक-खोलीत सांगितलं, तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही प्रामाणिक होते, म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप: ०.०२ टक्के काय आणि ०.००२ टक्के काय, कोणाच्या कानाला कळणार? नाही कळणार, हे मला मान्य आहे. पण इथे प्रश्न ऐकण्याचा नाही, निवाड्याचा आहे. ज्या मोजपट्टीने दुसऱ्याला मोजायचं ती त्याच्याहून निदान चौपट, जमल्यास दसपट चांगली असावी, हा मोजमापशास्त्रातला जुना दंडक आहे. मुलाचा ॲम्प्लिफायर ०.००६ टक्क्यांचा असेल तर ऑसिलेटर ०.००१ च्या आसपास हवा. माझा ०.०२ चा होता. त्या पट्टीने मला फार तर एवढंच म्हणता आलं असतं, की ‘दोष ०.०२ च्या आसपास किंवा त्याखाली आहे, नक्की सांगता येत नाही.’ ‘सदोष’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार मला नव्हता.

दुसरा आक्षेप: विकतचं उपकरण आणा, बांधत काय बसायचं? आणावं, जरूर आणावं. पण प्रयोगशाळेत सहज दिसणारा फंक्शन जनरेटर त्रिकोणी लहरीला डायोडांनी गोलाई देऊन साइन लहर बनवतो. अशा लहरीत साधारण अर्धा ते एक टक्का विकृती असते. तो इतर कामांना उत्तम, या कामाला निरुपयोगी. खऱ्या अर्थाने कमी विकृतीची उपकरणं शाळेच्या आवाक्याबाहेरची असतात. काही शे रुपयांच्या सुट्या भागांत मात्र आम्ही हौशी माणसं त्यांच्या बऱ्यापैकी जवळ जाऊ शकतो. शिवाय विकतच्या डब्यावर मुलं विश्वास ठेवतात तो त्यावरच्या छापील अक्षरांमुळे. स्वतः बांधलेल्या डब्यावर ठेवतात तो तपासून. बारावीच्या पुस्तकात ओहमच्या नियमाच्या मर्यादा शिकवल्या जातात. मुलं ते पाठ करतात आणि आलेखावर सरळ रेषा काढतात. दहा सेंटिमीटरच्या रेषेत ०.१ टक्क्याची वाक म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, ती पेन्सिलीच्या जाडीतच बुडते. ऑसिलेटरमध्ये तीच वाक पडद्यावर खांब होऊन उभी राहते. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला नियमाची मर्यादा पाठ करावी लागत नाही. बोर्ड आणि एनडीएच्या परीक्षेचा वेळ यात जातो, अशी चिंता काही पालकांना वाटते. क्लबचे सहा तास लागतात. ते वाया जात नाहीत, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार होता. एक सहकारी म्हणाले, “ही सैनिकी शाळा आहे. कमी गुण मिळालेला प्रत्येक मुलगा उठून तपासणाऱ्याच्या यंत्रावर बोट ठेवायला लागला, तर शिस्त कशी राहणार?” यावर मी बरेच दिवस विचार केला.

आपल्या फायरिंग रेंजवर काय होतं ते आठवून पाहा. एखाद्या कॅडेटच्या पाचही गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या, पण लक्ष्याच्या मध्यापासून हातभर डावीकडे, तर उस्ताद त्याला ‘नेम चुकला’ म्हणत नाहीत. गट घट्ट आहे, म्हणजे हात स्थिर आहे. रायफलचं झिरोइंग बिघडलं आहे, असं म्हणतात आणि साइट दुरुस्त करतात. हत्यार अडलं तर फायरर हात वर करतो. तो हात वर करणं हा शिस्तीचाच भाग आहे. त्याला कोणी बेशिस्त म्हणत नाही. माझ्या कॅडेटने वेगळं काय केलं? त्याचा आकडा प्रत्येक वेळी एकाच जागी पडत होता. गट घट्ट होता. त्याने हात वर केला. मी साइट तपासायच्या ऐवजी म्हण ऐकवली.

बेशिस्त आणि शंका यांतला फरक त्याच्या त्या वहीच्या पानावर आहे. तो वाद घालायला आला नाही, कोणाकडे तक्रार घेऊन गेला नाही. त्याने ॲम्प्लिफायर मधून काढला, तार जोडली, आकडा लिहिला आणि पान माझ्यापुढे ठेवलं. अशा शंकेची भीती बाळगण्याचं कारण नाही. पुढे हीच मुलं कुणी रेडिओ संच तपासतील, कुणी रडार, कुणी विमानाचं इंजिन. ‘मीटर असं म्हणतो’ एवढ्यावर जो थांबतो, त्याच्या सहीवर दुसऱ्यांचे जीव अवलंबून असावेत असं मला वाटत नाही.

म्हणून या पानावरून मी तीन गोष्टी सुचवतो. प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढेही त्या ठेवल्या आहेत.

एक, क्लबमध्ये कोणताही प्रकल्प मोजण्याआधी उपकरणाची तार सरळ उपकरणालाच जोडून पहिलं वाचन घ्यावं आणि ते त्याच पानावर, प्रकल्पाच्या वाचनाच्या वर लिहावं. याला दोन मिनिटं लागतात. माझी ही दोन मिनिटं वाचली आणि एका मुलाच्या तीन संध्याकाळी गेल्या.

दोन, अकरावीच्या प्रत्येक तुकडीने मिळून एक ऑसिलेटर बांधावा. आधी मुद्दाम जुन्या कार्बनच्या रेझिस्टरांनी, मग एकेक बदलून मेटल फिल्मने, आणि प्रत्येक पायरीचा आकडा टिपून ठेवावा. तयार डब्यावर त्याची तारीख आणि त्याची स्वतःची विकृती लिहिलेली असावी. पुढच्या तुकडीने ती आधी पडताळावी आणि मगच तो डबा वापरावा.

तीन, मूल्यमापन तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘उपकरणाची मर्यादा’. तो भरल्याशिवाय तपासणाऱ्याने ‘सदोष’ हा शब्द लिहू नये. हा नियम प्रथम मला लागू होतो.

त्या मुलाचं नाव इथे देत नाही. तशी त्याचीच इच्छा आहे. त्याचा तक्ता मी दुरुस्त केला, जुन्या शेऱ्यावर एक रेघ मारून खाली नवा आकडा लिहिला आणि सही केली. जुना शेरा खोडून दिसेनासा केला नाही, कारण चूक झाली हे कागदावर राहायला हवं. प्रदर्शनाची यादी मात्र पुन्हा उघडता आली नाही. ते नुकसान त्याचं झालं आणि माझ्या सहीने ते भरून येत नाही. वर्कशॉपात, ज्या चौघांसमोर त्याला ती म्हण ऐकवली होती त्यांच्यासमोरच, मी त्याची माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं. “सर, काढलेले रेझिस्टर मी ठेवू का?” एवढंच त्याने विचारलं.

मी म्हटलं, निम्मे तू ठेव, निम्मे मला दे. माझे निम्मे आता टेबलावर एका बाटलीत आहेत. नवा कॅडेट क्लबमध्ये आला की मी त्याला मल्टिमीटर आणि त्यातला एक रेझिस्टर देतो आणि विचारतो, “हा बरोबर आहे का?” तो मोजतो आणि ‘हो’ म्हणतो. तिथून आमचा पहिला तास सुरू होतो.